सगलची क्रियापदं आणि अब्दींचे पूर्वज

ऑक्टोबर २०२०, शनिवार. सकाळी भुरभुर, दुपारी ऊन, वारा बोचरा.

कोरोनात माणसं भेटेनाशी झाली आणि माझ्या डायरीतले किस्से मात्र वाढत गेले! कारण आमचा मजला. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या आमच्या बिल्डिंगला दारांसमोरून जाणारी लांब उघडी गॅलरी आहे. शनिवारी जो तो आपापल्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा, मध्ये दीड मीटर सोडून. डावीकडे सोमालियाचे अब्दी आणि त्यांची शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलगी सगल. उजवीकडे सीरियाचे समीर, एकेकाळचे अरबीचे मास्तर. मधे आम्ही पुण्याचे, मी आणि माझी बायको माधुरी. गप्पा मोडक्यातोडक्या डचमध्ये.

सगलने शाळेच्या मोठ्या प्रोजेक्टला विषय घेतला होता: सोमालीचं अरबी, हिब्रू वगैरे सेमिटिक भाषांशी नातं आहे का? तिला पुढे भाषाच शिकायच्या होत्या. अब्दींना हवी होती फार्मसी.

"दहापैकी आठ मिळाले तर तुझं खरं," ते म्हणाले. "नाहीतर गोळ्या मोजायच्या!"

*

पहिला उत्साह माझा. मी सॉफ्टवेअर टेस्टर, चिकाटी भरपूर. आठवडाभर बसून शब्द जमवले. सोमालीत किताब, कलिन, कुर्सी. अरबीत किताब, कलम, कुर्सी. "झालं सिद्ध!"

अब्दी खूश. "मी म्हणत होतोच, आम्ही अरबांचेच!"

सगलने विचारलं, "अदीर, हे मराठीत काय?" अदीर म्हणजे काका.

"पुस्तक... म्हणजे, किताबही चालतं. कलम. खुर्ची."

"वा! म्हणजे पुणं अरबस्तानात!"

माधुरी म्हणाली, "अहो, टेस्ट करून मग रिलीज करत जा!"

*

अब्दींना कुणी सोमाली माणूस भेटला की नुसत्या नावावर भागत नाही. तो स्वतःचं नाव सांगतो, मग बापाचं, आजोबाचं, असा वर वर जातो. मग अब्दी आपली नावं म्हणतात. जिथे नाव जुळलं तिथे नातं! अब्दींची नावं शेवटी समुद्रापलीकडून आलेल्या एका अरब पूर्वजापर्यंत पोचायची, आणि तिथे त्यांचा आवाज हमखास चढायचा.

माधुरीला हे फार पटलं. "आमच्यातही 'मूळचे कुठले?' इथूनच सुरुवात. पंगत उठेपर्यंत नातं निघतंच!"

सगल विचारात पडली. "मग अशीच क्रियापदांची चौकशी केली तर? शब्द काय, पाहुण्यासारखे कुठेही राहायला जातात."

समीर म्हणाले, "आणि परत जायचं नाव घेत नाहीत!"

*

आधी 'मी' तपासला. सोमालीत अनिगा, अरबीत अना, हिब्रूत अनी.

समीर मास्तरांनी निकाल दिला, "'मी' म्हणायला सगळे एक! भांडणं 'तू'पासून सुरू."

*

मग क्रियापदं. सगलने सोमालीत म्हणून दाखवलं. तो आला: यिमिद. ती आली: तिमिद. आम्ही आलो: निमिद.

समीर ताडकन उठले. "अरबीत तो लिहितो, यक्तुबु! ती लिहिते, तक्तुबु! आम्ही लिहितो, नक्तुबु! तेच य, त, न! तीच चाल! अशी चाल कुणी उसनी घेतं का?" आणि हात पसरून अब्दींकडे धावले.

टोकाच्या दारातून आमच्या डच शेजारीण रीतआजी कडाडल्या, "अँडरहाल्व्ह मेटर!" दीड मीटर!

समीर जागीच थांबले आणि त्यांनी हवेलाच मिठी मारली.

"म्हणजे आम्ही अरबांचेच," अब्दी म्हणाले.

"नाही, आबो," सगल वडिलांना म्हणाली. "आपली भाषा त्यांची मुलगी नाही, चुलत बहीण. दोघींचा पूर्वज एकच, फार फार जुना."

अब्दींनी खुर्ची उचलली आणि आत गेले. पुढचे काही शनिवार त्यांची जागा रिकामीच राहिली.

*

फेब्रुवारीत प्रेझेंटेशन, ऑनलाइन. त्यांच्याकडचं इंटरनेट अडकत होतं, म्हणून सगल आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली. घरात एकाच पाहुण्याला परवानगी. अब्दी बाहेर गॅलरीत, खिडकीशी, कानटोपी घालून उभे. बोलावलं कुणीच नव्हतं.

शेवटी तिच्या बाईंनी विचारलं, "नातं शोधायची ही रीत सुचली कुठून?"

सगलने खिडकी उघडली आणि लॅपटॉप बाहेर वळवला. "आबोकडून."

"दाखवाल का?" बाई म्हणाल्या.

अब्दींनी कानटोपी काढली. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आजोबांचं, असे वर वर गेले. अरब पूर्वजाच्या अलीकडच्या नावापाशी आले आणि थांबले.

"याच्या पुढचं," ते डचमध्ये म्हणाले, "माझ्या मुलीला विचारा."

प्रोजेक्टला दहापैकी आठ मिळाले. सप्टेंबरमध्ये सगलने भाषाशास्त्राला प्रवेश घेतला.