मुद्देमालातली बशी

ती घटना मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही. शिरूरला तपास अधिकारी होतो. न्हावऱ्याकडच्या एका गावातले सत्तरी ओलांडलेले चाचा काखेत एका कारखान्याचं कॅलेंडर घेऊन ठाण्यात आले. फुकट वाटपाचं असेल समजून आमचा ठाणे अंमलदार भिंतीवर खिळा शोधायला लागला.

चाचांनी ते टेबलावर पसरलं. फोटोत कडुलिंबांची दाट रांग, खाली छापलेलं : 'गायरानावर आम्ही उभं केलेलं जंगल'.

"साहेब, ही झाडं आमच्या कबरस्तानातली हायेत. मी आन् माझ्या बायकूनं लावली. ती बी तिथंच निजलीय. कंपनीचं नाव काढा त्यावरनं. मला दुसरं कायबी नगं."

कॅलेंडरवरून गुन्हा कसला दाखल करायचा? पण चौकशीत कळलं, तोच फोटो कंपनीनं गुंतवणूकदारांना दिलेल्या पर्यावरण अहवालात होता, सोबत झाडं लावल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला. गायरानावर गेलो तर नुसत्या वेड्या बाभळी. दाखल्यावरचा शिक्काही बनावट निघाला. पर्यावरणाच्या नावानं खोटं बोलण्याला आमच्या हाताशी वेगळं कलम नव्हतं. मग फसवणूक आणि बनावट दस्तऐवज, ही जुनीच हत्यारं काढली.

चाचांनी कबरस्तान दाखवलं. प्रत्येक झाडाच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं. त्यातलं पाणी मुळांना झिरपायचं आणि उन्हानं आटू नये म्हणून तोंडावर बशी.

"कप फुटला की बशी हिकडं यायची. ती कायबी टाकून देत नव्हती," चाचा म्हणाले. एका बशीवर निळी फुलं होती, कड उडालेली. फोटो मोठा करून पाहिला, तर तीच बशी.

अहवाल लिहिणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला ठाण्यात बोलावलं. समोर चहा ठेवला. कपबशीतच.

"झाडांना पाणी कसं देता?"

"संपूर्ण ठिबक आहे, सर."

"मडकी?"

"छे! एकही नाही."

मी फोटो पुढे सरकवला. त्याचा चहा तसाच निवला. गायरानावर एकही रोप लावलेलं नाही, हे संध्याकाळपर्यंत बाहेर आलं.

पंचनामा करून ती बशी जप्त केली. "कवा मिळंल माघारी?" चाचांनी विचारलं. "खटला संपला की," मी सहज बोलून गेलो. फोटो काढून बशी जागेवर ठेवता आली असती का, हे माझ्या मनातही आलं नाही. पुरावा दिसला की पोलिसाचा हात आधी पिशवीकडे जातो.

कंपनीनं कॅलेंडर मागे घेतलं, अहवालातून फोटोही गेला. आता अशा दाव्यांना पुरावा मागणारे नियम आलेत, फार बरं झालं. खटला मात्र तारखांवर चालला. चाचा प्रत्येक तारखेला एसटीनं यायचे आणि फक्त बशीचं विचारायचे. मी अर्ज केला, बचाव पक्षानं हरकत घेतली. मग मीही निवृत्त होऊन दौंडला आलो.

गेल्या थंडीत चाचा गेले. मी मातीला गेलो होतो. बायकोशेजारीच त्यांना जागा मिळाली. जवळचं, मी बशी उचलून नेलेलं ते मडकं उघडंच होतं, आत वाळका पाला.

माझी बायकोही आता नाही. पाहुण्यांसाठी जपलेल्या तिच्या कपबश्या कपाटात तशाच आहेत. नोकरीच्या धावपळीत तिच्याबरोबर निवांत चहा प्यायचं राहूनच गेलं, त्याची फार हुरहूर लागते. चाचांच्या मातीनंतर आठवड्यानं त्यातली एक बशी घेऊन पुन्हा कबरस्तानात गेलो, मडकं भरलं आणि झाकलं.

चाचांची बशी अजून शिरूरच्या मुद्देमाल खोलीत आहे, माझ्या सहीची चिठ्ठी लावलेली.