बिबट्या, कुत्रा आणि राहिलेला 'ला'

आता ऐकाच. चहा निवतोय तर निवू द्या. इतका मोठा घोटाळा माझ्या हातून आयुष्यात झाला नाही, आणि तोही एका अक्षरापायी. एका अक्षरापायी माणूस काट्याच्या झाडावर चढलेला पाहिलाय का तुम्ही? बघा मग माझ्याकडे.

मी दोह्यात एका कतरी घरी ड्रायव्हर आहे. घरचे मालक बू नासर, वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांना मी बाबा म्हणतो, इथे सगळेच ड्रायव्हर आपल्या मालकाला म्हणतात. बाबांना एकच वेड, सलुकी कुत्री. लांब तोंड, रेशमी कान, पोट पाठीला लागलेलं. उभी असली की उपाशी वाटतात आणि पळाली की दिसतच नाहीत. बाबांचे वडील असल्याच कुत्र्यांच्या जोरावर ससे धरायचे, हरणं धरायचे. बाबा ते सांगायला लागले की गाडीचा एसीसुद्धा मी हळू करतो.

एक दिवस असंच सांगता सांगता त्यांनी मला विचारलं, तुझ्या गावाकडे काय जनावरं असतात? खरं सांगतो, मला बरं वाटलं. इथे 'हिंदी?', म्हणजे भारतातला का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मान हलवली की त्यांचं काम संपतं. पुढे गावात काय आहे, हे कुणी विचारत नाही.

मी सांगितलं, जुन्नरकडचा आहे, आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. मग सांगायचं होतं, की बिबट्या कुत्र्याला खातो. बाबांना मोडकीतोडकी हिंदी येते, पण मला अरबीत सांगून छाप पाडायची होती. आता माझी अरबी म्हणजे पेट्रोलपंप आणि भाजीबाजार यांच्यामधली. नमर म्हणजे बिबट्या, कल्ब म्हणजे कुत्रा, याकुल म्हणजे खातो. तीन शब्द आपल्या मराठीच्या क्रमानं लावले आणि दिले सोडून. "बाबा, नमर कल्ब याकुल."

कोण कुणाला खातो, हे आपल्याकडे तो एवढासा 'ला' सांगतो. तो माझ्याकडून राहिला. आणि बाबांच्या कानाला ते वाक्य असं लागलं, की नमर ना? त्याला कुत्रा खातो!

बाबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. पुन्हा एकेक शब्द विचारला, हात तोंडाकडे नेऊन खाण्याची खूण केली. मी प्रत्येक वेळी मान हलवली. शेवटी ते कौतुकानं म्हणाले, माशाल्ला. आमची कुत्री मरतात यात माशाल्ला म्हणण्यासारखं काय, हे मला कळलं नाही. पण मोठ्या माणसाला कोण विचारणार?

त्या शुक्रवारी बाबांनी मला मजलिसमध्ये बोलावलं. मजलिस म्हणजे त्यांची पाहुण्यांची बैठक. तिथे मी तोवर फक्त बॅगा उचलायला गेलेलो. त्या दिवशी मला गालिच्यावर बसवलं, हातात गहव्याचा, म्हणजे त्यांच्या अरबी कॉफीचा, कप दिला. मोबाइलमधला आमच्या कुत्र्याचा फोटो हातोहात फिरला. तांबूस, हडकुळा, एक कान अर्धा तुटलेला. नाव काय, असं विचारलं. वाघ्या म्हणालो आणि अर्थही सांगितला. सगळे त्या तुटक्या कानाकडे बघून कौतुकानं हळूच जीभ वाजवत होते.

मग एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी हिंदीत विचारलं, "एक कुत्ता मारता है, या तीन-चार मिलके?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काय ते तेव्हाच बोलून मोकळं व्हायचं होतं. पण सगळी मान्यवर माणसं माझ्याकडे बघत होती, कप गरम होता, गालिचा मऊ होता.

"एक," मी म्हणालो.

त्या कानाची खरी गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो. बिबट्या दिवेलागणीला अंगणात आला. वाघ्यानं अर्धा कान त्याच्या तोंडात सोडला आणि उरलेला कुत्रा घेऊन तो बाजेखाली शिरला. तिथून त्याला बायकोनं भाकरी दाखवून बाहेर काढलं. तेव्हापासून तो उसाच्या कडेला जात नाही. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो.

पुढे काय झालं म्हणता? बाबांनी ठरवलं, वाघ्याला कतरला आणायचं! डॉक्टरला विचारलं, लशींचं विचारलं, विमानाचं विचारलं. बघा हं, बायकोला इथे आणायचं तर माझ्या पगारात बसत नाही आणि कुत्र्याचे कागद व्हायला लागले. बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, त्याला नेलंत तर मी अंगणात एकटी. त्या वाक्यानं मला झोप लागेना. तरी बाबांसमोर तोंड उघडायचा धीर होईना.

अशात थंडी आली आणि बाबांचा वाळवंटात तंबू लागला. बाबांचा मुलगा नासर रास लफानला गॅसच्या प्लान्टवर इंजिनिअर आहे. तो आपल्याबरोबरचा एक अमेरिकन घेऊन आला. डेल नाव, पिकलेली दाढी, बोलणं कमी. नासरनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की हा त्याच्या डोंगरात कुत्री घेऊन अस्वलांच्या आणि डोंगरी सिंहांच्या, म्हणजे तिकडच्या प्युमांच्या, मागे जातो, खास तुला भेटायला आलाय. मी गाडी पुसायला निघालो.

डेल साहेबानं माझ्याशी अगदी बरोबरीनं हात मिळवला. मग विचारायला लागला. बिबट्या उलटून आला तर तुमचा कुत्रा मागे सरतो की भिडतो? माग काढताना ओरडतो की गप्प राहतो? मी इंग्रजी कळत नसल्याचं तोंड केलं. नासरनं ते सगळं हिंदीत करून दिलं.

मला वाचवायला बाबाच मध्ये पडले. बोलणं पुरे म्हणाले, कुत्र्यांचा माणूस आहे, कुत्री त्याच्या हाती द्या. आणि माझ्या हातात कच्च्या कलेजीची थाळी देऊन तिन्ही सलुकी मोकळ्या सोडल्या.

तिन्ही कुत्री एकदम अंगावर आली. चावायला नाही हो, कलेजीला. पण हे आत्ता सुचतंय. तेव्हा मी पळालो. आणि थाळी टाकून पळावं ना? ती हातातच! जे पळेल त्याच्या मागे जायचं, हे पिढ्यान् पिढ्या शिकलेली जनावरं ती. समोर एकच झाड होतं, आपल्या बाभळीची लांबची बहीण. कसा चढलो ते मला माहीत नाही. माझ्या लेंग्याला माहीत आहे.

वर तंबूपाशी फिरणारी एक भटकी मांजर आधीच बसलेली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली.

खाली कुत्री बुंध्यावर पाय टेकून वर बघत होती. थाळी कधीच पडली होती, कलेजी वाळूत होती, तरी त्यांना मीच हवा होतो. आणि खोटं कशाला सांगू, त्या फांदीवर मला वाघ्या आठवला. बाजेखालून बाहेर न येणारा. त्याला आम्ही किती हसलो होतो.

डेल साहेब चालत आला. तो हसला नाही. वर बघत शांतपणे म्हणाला, की आमच्याकडे हे असंच होतं. कुत्री मारत नाहीत, जनावराला दमवून झाडावर चढवतात आणि माणूस येईपर्यंत खाली उभी राहतात. पुष्कळदा आम्ही नुसतं बघतो आणि कुत्री घेऊन परत जातो. मग त्यानं विचारलं, "वरून कसं दिसतं? मी नेहमी खालीच असतो."

बाबाही येऊन उभे होते, आणि तिथून खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. मी वरूनच म्हणालो, "बाबा, कल्ब नमर को नहीं खाता. नमर कल्ब को खाता है. मैं उल्टा बोला."

बाबांनी आपल्या कानाला हात लावून विचारलं, "और वो कान?"

"नमर ने खाया, बाबा."

"नमर के मुँह से निकल गया," बाबा म्हणाले. "फिर तो अच्छा कुत्ता है. उसको घर में रहने दो."

त्यांनी कुत्री बांधायला सांगितली आणि मला उतरायला हात दिला. मी उतरण्याआधी डेल साहेबानं विचारून फोटो काढला. मांजर आणि मी, एका फांदीवर. माझी नोकरी राहिली, मजलिसमध्ये अजूनही कधीमधी बोलावतात. फक्त तिथे आता मी जे बोलतो ते आधी नासरकडून तपासून घेतो.

तो फोटो मी घरी पाठवला, झालं ते सगळं सांगितलं. म्हटलं, वाघ्या कुठेही जात नाही, बायको खूश होईल. तिनं फोटो नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, "झाडावर आधी कोण चढलं होतं, तुम्ही की मांजर?"

"मांजर."

"वाटलंच," ती म्हणाली. "तोंडावरून तीच हुशार दिसतेय."