कोपरा फाडलेली कार्डं

मृत्यूची खबर देणारं पोस्टकार्ड आलं की डॉ. सोनटक्के खुर्चीवरून उठायचे. कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा, त्यावरूनच काय ते कळायचं. ते उभ्यानं वाचायचे, मग चार तुकडे करून टोपलीत टाकायचे. "असलं पत्र कोणी घरात ठेवत नाही, बाई. ऑफिसात काहून ठेवायचं?" विलायतेत शिकून आले तरी त्यांचं ‘काहून’ सुटलं नव्हतं. मला त्यांचं ते उभं राहणं फार आवडायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका दवाखान्यात गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या विभागात मी नोकरीला होते. एका परदेशी कंपनीचं नवं इंजेक्शन डॉक्टर तिथे तपासून पाहत होते. बायकांना प्रश्न विचारायचे, आणि त्या घरी गेल्या की दर तीन महिन्यांनी जवाबी पोस्टकार्ड पाठवून तब्येत विचारायची, हे माझं काम. प्रश्न अवघड होते. लग्न कितव्या वर्षी झालं, अंगावरून जातं का, नवरा बाहेर जातो का. "आमच्या घरच्याले सांगशील त नाही ना वं बाई?" असं विचारूनच बायका तोंड उघडत. मी शब्द देत असे. डॉक्टरांनीही मला एक शब्द दिला होता: "ह्यांनी सांगितलेलं काहीच वाया जाणार नाही, बाई."

नरखेडकडच्या शांताबाई बागेतली संत्री पदरात बांधून आणत. डॉक्टर त्यांच्यासमोरच सोलून खात.

"मले बरं वाटून राहिलं, साहेब. पण तुमची सुई लई चावते. एकडाव तुम्हीच घेऊन पाहा न!"

"मले कुठं ती पिशवी, शांताबाई!"

सगळा वॉर्ड हसला होता.

सहा महिन्यांनी शांताबाईंच्या नवऱ्यानं पाठवलेलं कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. डॉक्टर उठले, वाचलं, फाडलं. मी शांताबाईंची फाइल ओढली, तर म्हणाले, "राहू द्या. नोंद मी करतो."

पुढच्या वर्षी टाइप केलेला अहवाल ताडून पाहायला माझ्याकडे आला. शांताबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘पत्ता बदलला, संपर्क नाही.’ जिचं जिचं कार्ड माझ्यादेखत टोपलीत गेलं होतं, तिच्या तिच्या पुढे तेच. अशा बायका हिशेबातून वगळल्या होत्या, आणि इंजेक्शन गुणकारी ठरलं होतं.

मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. "शांताबाई वारल्या. कार्ड तुम्ही माझ्यासमोर फाडलंत."

"मग दाखवा ना कार्ड."

मी रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. तेव्हा ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "औषधाले थोडा वेळ द्या, बाई."

मी त्या सगळ्या घरांना नव्यानं पत्रं लिहिली. बाई कोणत्या तारखेला गेली ते कळवा, आणि उत्तराच्या कार्डाचा कोपरा फाडू नका. अख्खी कार्डं आली. तारखा माझ्या वहीत उतरवून मी ती कार्डं डॉक्टरांपुढे ठेवली. या वेळी ते उठले नाहीत. बसल्या बसल्या कार्डं खणात टाकली आणि किल्ली फिरवली. अहवाल होता तसाच परदेशी गेला.

त्याच आठवड्यात शांताबाईंची जाऊ आली, सीताबाई. दुखणं तेच. "शांतीले उशीर झाला होता म्हणतेत. मले तेच इंजेक्शन लवकर द्या. ती म्हणे, डॉक्टर देवमाणूस हाय."

मी तिचं मनगट धरलं आणि तिला दुसऱ्या इमारतीत नेलं. तिथे यंत्रानं किरण देत; बायका त्याला शेक म्हणत. तिथल्या डॉक्टरांपुढे मी वही उघडून ठेवली. त्यांनी तारखा वाचल्या आणि सीताबाईचा शेक सुरू केला. ती बरी होऊन घरी गेली. माझी बदली धुलाईच्या कपड्यांवर झाली.

जाताना डॉक्टर दारात भेटले. डोळ्यांत पाणी होतं. "बाई, तुमच्यावर एवढा विश्वास टाकला. तुम्ही मला फसवलंत." ते मनापासून बोलत होते, हे मला आजही खरं वाटतं.

बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड घरी आलं. कोपरा फाडलेला होता. "वाचून फाडून टाक वं," सासूबाई आतून म्हणाल्या.

मी उभी राहून वाचलं. मग ती जुनी वही काढली, शांताबाईंच्या नावाखालच्या ओळीत डॉक्टरांचं नाव आणि तारीख लिहिली, आणि कार्ड त्याच पानात ठेवलं.