दिराची सहा खोकी

वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करायच्या. फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर नीट बसेपर्यंत त्या त्याला सोडत नसत. घरात मात्र त्यांच्या मनासारखं काही बसत नव्हतं, कारण पुढच्या खोलीत दिराची सहा खोकी होती.

बदली झाली तेव्हा दीर ती टेम्पोतून घेऊन आला. "वहिनी, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. घर मिळालं की नेतो."

वहिनींचे यजमान पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेत फिरायचे. माणूस भिडस्त. भावाला नाही म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. खोकी आत आली.

दिराला घर मिळालं. मग त्याहून मोठं मिळालं. खोकी होती तिथेच.

सुरुवातीला वहिनी त्यांना वळसा घालून जायच्या. पुढे त्यांच्यावर चादर आली, चादरीवर टीव्ही आला. मुलगी खोक्यांना धरून उभी राहायला शिकली आणि शाळेत गेल्यावर त्यांच्यावरच वही ठेवून पाढे लिहू लागली. दिराचा फोन आला की तब्येतीच्या आधी खोक्यांची चौकशी. "ओल नाही ना लागली? जपा हं, महत्त्वाचं सामान आहे." एकदा खालच्या कोपऱ्यात वाळवी दिसली, तेव्हा वहिनींनी रजा काढून औषध मारलं. वाळवी गेली. झुरळंही गेली.

"एकदा उघडून तरी बघू या," त्या म्हणाल्या.

"त्याचं आहे ते," यजमान म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

मुलगी सातवीत गेली त्या वर्षी दीर भेटायला आला. त्याने घर आवरण्याचं कुठलंसं शिबिर केलं होतं. आता आमच्याकडे दोन खुर्च्या, दोन ताटं आणि मनःशांती, एवढंच आहे, असं तो सांगत होता. चहा पिता पिता त्याने खोलीभर नजर फिरवली.

"वहिनी, राग मानू नका, पण पसारा फार झालाय तुमच्याकडे. ही खोकी कसली?"

यजमानांनी कप हळूच खाली ठेवला.

"तुमची, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

टीव्ही उतरवून खोकी उघडली. आत कॉलेजच्या नोट्स, वायरींचा गुंता, पडद्याच्या कड्या, जळलेली इस्त्री आणि दोन बूट, दोन्ही डाव्या पायाचे. दीर खो खो हसला. "अहो, हे सगळं भंगार! द्या की टाकून. चला, निघतो मी, गाडी आहे."

"गाडी संध्याकाळची आहे. भंगारवाला कोपऱ्यावरच आहे. तेवढं उचला."

"मी? एकटा?"

"यांची कंबर धरलीय."

यजमानांची कंबर ठणठणीत होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि हात कमरेवर ठेवला.

तीन मजले, लिफ्ट नाही. चौथ्या खेपेनंतर दीर मनःशांतीबद्दल काही बोलेना.

तो गेल्यावर खोली एवढी मोठी झाली की तिघंही पाहुण्यांसारखे भिंतीला टेकून बसले. टीव्ही जमिनीवर होता. "मी अभ्यास कुठे करू?" मुलीने विचारलं. वहिनींना खरं तर आनंद व्हायला हवा होता. आला तो संताप. बारा वर्षं आपण डाव्या पायाचे बूट वाळवीपासून वाचवत होतो.

दोन-तीन दिवसांनी शेजारीणबाई डोकावल्या. "वा, जागा झाली हो छान! आमचं एक कपाट ठेवू का इथे? रंगकाम होईपर्यंतच."

यजमानांचं तोंड 'हो' म्हणायला उघडलं होतं.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

शेजारीणबाई पुढच्या कारणासाठी थांबल्या. कारण काही आलं नाही. मग त्या गेल्या.

"अगं, काय वाटेल त्यांना!" यजमान कुजबुजले.

"वाटू दे," म्हणत वहिनींनी सूप ओढलं आणि खोलीच्या मधोमध ऐसपैस पाय पसरून त्या लसूण सोलायला बसल्या.