व्हर्लिनच्या कमरेचं पिस्तूल

व्हर्लिन स्ट्राउडच्या कमरेला उभा जन्म एकच पिस्तूल होतं. बापाने लष्करातून आणलेलं, पंचेचाळीस कॅलिबरचं. लोखंडाचा नुसता धोंडा! आमच्या मिसूरीच्या डोंगरात कमरेला पिस्तूल असण्याचं कोणाला काही वाटत नाही. पण विजेच्या खांबांवर चढणारा माणूस तो धोंडा दिवसभर का वागवतो, हे कोणालाच कळत नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चमध्ये, नदीवर गळ टाकून बसला तरी ते कमरेला असायचंच.

माझं बंदुकांचं दुकान आहे. शनिवारी सकाळी चारजण जमतात. कॉफी मी पाजतो, मतं ज्याची त्याने आणायची. नवं प्लॅस्टिकचं बरं की जुनं पोलादी, पोटाशी खोचावं की पाठीशी, यावरून इथे सख्ख्या भावांत अबोला झालेला मी पाहिलाय. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत: कमरेला असेल तर भरलेलं हवं.

"रिकामं पिस्तूल म्हणजे दात पडलेला कुत्रा," हॉइट म्हणायचा. आमच्यातला सगळ्यात तोंडाळ. "व्हर्लिन, लेका, पँट खाली यायला लागली तुझी! एखादं हलकं घे की. की बायको समजून सांभाळतोस त्याला?"

"सवय झालीय," एवढंच व्हर्लिन बोलायचा.

मग त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी तो दुकानात आला, दार आतून लावलं आणि पिस्तूल काढलं. काउंटरवर ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं. हातात आलेलं हत्यार आपण उघडून बघायचं, मग देणारा सख्खा बाप का असेना, ही आमची रीत. आधी मुठीतलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी काढली, मग स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकतं पोलाद मागे ओढलं. मॅगझिन रिकामं, नळीही रिकामी.

"अरे, यात गोळीच नाही!"

"ओरिन गेल्यापासून नाही," तो म्हणाला.

ओरिन त्याचा धाकटा भाऊ. शिकारीत गेला, असं आम्ही ऐकून होतो. कसली शिकार! सकाळची वेळ, स्वयंपाकघर. ओरिन टेबलाशी ग्रेव्हीत पाव बुडवून खात होता. व्हर्लिन समोर बसून पिस्तूल पुसायला घेत होता. त्याने आधी स्लाइड ओढली, गोळी बाहेर पडली. मॅगझिन नंतर काढलं. उलटं केलं! मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली, की एक गोळी पडते आणि खालची वर नळीत चढून बसते. रिकामं समजून त्याने चाप ओढला, आणि समोर ओरिन होता.

"मी बघितलं होतं रे," तो मला म्हणाला. "रिकामं होतं."

प्रेत पुरून आल्यावर बापाने ते पिस्तूल त्याच्या हातात दिलं होतं. म्हणाला, या घरात हे पुन्हा टेबलावर दिसता कामा नये.

"नदीत टाकायचं होतंस, लेका," मी म्हटलं.

"कोणाच्या तरी गळाला लागेल. खाली ठेवलं, की स्लाइड ओढल्याचा आवाज येतो मला. तू कमरेला लाव. खाली ठेवू नकोस, आणि भरू देऊ नकोस कोणाला."

मी शब्द दिला. व्हर्लिन इस्पितळातून परत आला नाही.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं. त्याला मूठमाती देऊन आलो, पिस्तूल पलंगावर ठेवलं आणि आंघोळीला गेलो. अंगाला साबण लावतोय तोच खोलीत स्लाइड ओढल्याचा आवाज आला. बायको बाहेर कपडे वाळत घालत होती. तसाच धावलो. पिस्तूल ठेवल्या जागी. उघडून पाहिलं, रिकामं. तेव्हापासून मी ते खाली ठेवलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी व्हर्लिनची नात डेल्फिया दुकानात आली. मोठी गोड पोर, आजोबावर जीव होता तिचा. घरातलं हत्यार थोरल्या नातवंडाकडे जातं. मागायला आली त्यात तिचं काही चुकलं नाही.

"मी भरलेलंच बाळगणार, काका," ती म्हणाली. "आजोबांनी कधी हातसुद्धा लावू दिला नाही मला."

भरायचं नाही हे तिला कसं सांगावं, याचा विचार करत मी ते कमरेवरून काढत होतो, तेवढ्यात तिने हौसेने हातातून घेतलंच. आधी स्लाइड ओढली. मॅगझिन रिकामं असलं की ती मागे अडकतेच, तशी अडकली, तर अंगठ्याने खटका दाबून पुढे सोडली. मॅगझिन नंतर काढलं.

"पोरी, थांब!" मी ओरडलो.

तिने चाप ओढलाही. खट्.

नळी हॉइटकडे होती. तो घरून आणलेल्या ग्रेव्हीत पाव बुडवून खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला. त्या दिवसापासून तो रिकाम्या पिस्तुलावर कधी हसला नाही.

"असं काय बघता सगळे?" डेल्फिया गोरीमोरी झाली. "मी बघितलं होतं, काका. रिकामं होतं."

मी तिच्या हातातून पिस्तूल घेतलं आणि परत कमरेला लावलं. खुर्ची पुढे ओढली.

"बस इथे," म्हटलं. "ओरिनबद्दल तुला कोणी काही सांगितलंय का?"