तळ्याच्या नळ्या

खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, कुरकुरणारी फाटकं, गावातलं सगळं लोखंड वेल्डरबाईंच्या हाताखालून गेलेलं. बाई खमक्या. एकदा मनावर घेतलं की नवरासुद्धा वाटेत यायचा नाही.

त्यांची भाची तळ्याचा अभ्यास करायची. होडीतून जाऊन पाण्याची खोली मोजायची. तळं गाळाने भरत चाललं होतं. तिने पालिकेच्या बैठकीत आलेख दाखवले, तेव्हा अर्धे सभासद डुलक्या काढत होते आणि उरलेल्यांचं लक्ष चहाकडे होतं. ती तशीच मावशीच्या दुकानात आली आणि स्टुलावर बसून म्हणाली की आता मी हात टेकले.

मावशी पाइप कापत होत्या. लांब तुकडा फरशीवर पडला, घुमला. मग आखूड पडला, तो बारीक आवाजात किणकिणला. मावशींनी कटर बंद केला.

"दर वर्षाची एक नळी कापू," त्या म्हणाल्या. "पाणी जेवढं खोल, तेवढी नळी लांब. बघत नाहीत ना? मग ऐकवू."

भाची ताडकन उठली आणि आकडे घेऊन आली.

पहिल्या नळ्या टांगल्या, तर नुसता खडखडाट. यापेक्षा आपली पातेली बरी वाजतात, असं नवरोबांनी वर्तमानपत्राआडून ऐकवलं. मावशींनी तिकडे लक्षच दिलं नाही. दोरी ओवायचं भोक थोडं थोडं खाली पाडत राहिल्या, आणि एका जागी नळी अशी गुणगुणली की नवरोबा वर्तमानपत्र टाकून बाहेर आले.

पुढे मात्र मावशी-भाचीचंच जुंपलं. सूर हळूहळू चढत जात होता, पण मधलीच एक नळी लांबलचक, तिथे तो धपकन खाली यायचा आणि तिथून पुन्हा चढायला लागायचा. मावशींना ती आखूड करायची होती. भाची काही ऐकेना.

"मावशी, सूर बिघडला तरी चालेल. आकडा नाही बिघडवायचा."

मावशी फणकारल्या. दुसऱ्या दिवशी नळी होती तशीच टांगली.

तळ्याकाठी नळ्यांची रांग उभी राहिली तेव्हा निम्मं गाव लोटलं. नगराध्यक्ष काठीने एकेक नळी वाजवत निघाले आणि त्या नळीपाशी थबकले. इथेच आवाज एवढा जाड का, त्यांनी विचारलं.

"त्या वर्षी गाळ काढला होता," भाची म्हणाली.

ते मागे गेले, पुन्हा वाजवत आले. शेवटच्या नळ्या चिमणीसारख्या चिवचिवल्या. त्याच महिन्यात गाळ काढायचा ठराव एकमताने मंजूर झाला.

पुढच्या वर्षी भाचीने नवा आकडा आणला. दुकानातल्या पाइपांत एवढा लांब तुकडा निघेना. मावशींनी हात पुसले, नवऱ्याला हाक मारली, आणि दोघं नवा पाइप आणायला बाजारात गेली. येताना तो खांद्यावर घेऊन मावशी मुद्दाम पालिकेवरून आल्या.