दाजी, गंजलेली गाडी आणि हुकलेली संक्रांत

"हे गेले रे..." ताई फोनवर एवढंच म्हणाली. 'डॉक्टरांकडे जा म्हणून किती सांगितलं होतं त्यांना!' हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. महिना उलटला, पण दाजींवरचा राग काही ओसरत नाही. कुणाचं ऐकायचं नाही, हा त्यांचा स्वभावच.

पार्सिपनीतला चौऱ्याऐंशीचा हिवाळा आठवतो. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं त्यांच्या जुन्या स्टेशन वॅगनच्या ब्रेकची पुढची नळी गंजून गळायला लागली. मेकॅनिक म्हणाला, गाडी भंगारात द्या. दाजींनी नवी नळी आणली आणि स्वतःच गाडीखाली शिरले. गंजलेला नट काही केल्या हलेना. पाना सटकला, बोटं सोलवटली. मग नळीतली हवा काढायला मला पेडलवर बसवलं. "दाब... धर... सोड!" माझा पाय भरून आला. दुपार कलता कलता ब्रेक एकदाचा लागला. संध्याकाळी एडिसनला मराठी मंडळाची संक्रांत होती आणि त्यात भाचीचा, नेहाचा नाच. ती घागरा घालून तयार, ताई तिळगुळाचा डबा घेऊन दारात. बाकीची मंडळी केव्हाच पुढे गेलेली. तेवढ्यात दाजी गाडीत बसले आणि जीव खाऊन दोन्ही पायांनी पेडल दाबलं. फट्ट! मागची जुनी नळी फुटली.

"डॅड, यू ब्रोक इट!" नेहा रडायलाच लागली.

"चांगला लागत होता ना ब्रेक? एवढं दाबायचं कशाला?" ताई कडाडली.

"पुढची गंजली, तर मागचीला काय गंज सोडतो? इथे फुटली ते बरं. उतारावर फुटली असती तर?"

पटत होतं, म्हणून तर जास्त चीड येत होती. संक्रांत हुकली. नेहा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. दाजी पुन्हा गाडीखाली.

आणि हाच माणूस यंदा छातीत दुखायला लागल्यावर म्हणाला, "अ‍ॅसिडिटी आहे यार, होईल बरं..."

गॅरेजमध्ये त्यांचे जॅक, डबे, कापलेल्या नळ्या अजून तशाच पसरल्या आहेत. ताईची गाडी आत मावत नाही. परवा बर्फ पडला, तर ती बाहेर उभी राहून काच खरवडत होती आणि दाजींच्या नावानं खडे फोडत होती.

"शनिवारी येतो, सगळं आवरून टाकू," मी म्हणालो.

ती गर्रकन वळली.

"खबरदार हात लावलास तर!"